रंगवलेली चाकं

तिला यार्डात सगळे पुन्हाताई म्हणायचे. तोंडावर नुसतं 'ताई', पाठ वळली की 'पुन्हाताई'. दिवसातून पन्नासदा तरी तिच्या तोंडी तो शब्द यायचा. ब्रेकची हवा तपासली? पुन्हा तपासा. पंख्याचा पट्टा बदलला? इंजिन चालू करून पुन्हा बघा. आमचे मिस्त्री साठीला टेकलेले होते, गुडघे दुखतात म्हणून गाडीखालच्या खड्ड्यात, पिटमध्ये, उतरताना गाडीलाच शिव्या द्यायचे. ते म्हणायचे, "देवानं हिला घडवून खाली सोडलं तेव्हा हिनं त्यालाही सांगितलं असणार, नाक पुन्हा एकदा बघून घ्या."

मी त्या यार्डात गाड्यांची रवानगी पाहायचो. कुठली गाडी कधी निघाली, कुठवर पोचली, कोण कुठे अडकलं, ते माझ्या टेबलावर. ताईचं टेबल माझ्या शेजारी. समोरच्या खिडकीतून फाटक दिसायचं. एकेचाळीस ट्रक होते आणि त्यातला एकही ताईनं मान हलवल्याशिवाय फाटकाबाहेर जायचा नाही.

तिच्या वडिलांचं हमरस्त्याच्या वळणावर टायरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, एक कंप्रेसर आणि पाण्याचं टाकं. शाळा सुटली की ती तिथेच. दहाव्या वर्षी ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा कुठून येतोय ते अचूक सांगायची, आणि चौदाव्या वर्षी पान्याच्या लांब दांड्यावर, टॉमीवर, उभी राहून, अंगाचं सगळं वजन टाकून ट्रकचे नट सोडवायची. लग्न झालं ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाशी. माणूस गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा. घरचा स्वयंपाकही तोच करायचा. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मुलगा काचेची भांडी सांभाळतो, सून लोखंडाची. मधे मी आपली मातीची."

आमच्याकडे ती आली ती सुट्या भागांच्या कोठारावर. तेव्हा आठवड्याला तीन-चार गाड्या तरी रस्त्यात बंद पडायच्या. मालक फोनवर ओरडायचे, मिस्त्री जाऊन गाडी ओढून आणायचे, काहीतरी बदलून ती पुन्हा सोडायचे. ताई कोठारात बसून फक्त बघत होती, कुठला भाग कुठल्या गाडीला जातोय. एक दिवस ती मालकांपुढे जाऊन उभी राहिली. "बावीस नंबरला वर्षात चौथा डिझेल पंप दिला. चारही पंप वाईट निघाले असं होणार नाही. खोट दुसरीकडे आहे." टाकी उघडून पाहिली तर आतून गंजलेली. तो गंज पंप खात होता. टाकी बदलली आणि बावीस नंबर पुढे तीन वर्षं कुठे बंद पडली नाही. हळूहळू सगळ्या गाड्यांची देखभाल तिच्याकडे आली, आणि दोन-दोन महिने आमची ओढणारी गाडी जागची हलेना. तिच्या चाकांभोवती गवत उगवलं.

ताईचे नियम पुष्कळ होते, पण एक नियम ती कुणाला मोडू द्यायची नाही. चाक काढून बसवलं की नट यार्डात मापाच्या पान्यानं आवळायचे आणि त्यावर नटावरून चाकावर जाणारी पिवळी रेघ मारायची. मग गाडी पन्नास किलोमीटर गेली की ड्रायव्हरनं थांबायचं, खाली उतरायचं, सगळे नट पुन्हा आवळायचे आणि त्यावर पांढरी रेघ मारायची. नवं बसलेलं चाक पहिल्या धावेत थोडं आत बसतं, म्हणून नट ढिले होतात. हे तिला वडिलांनी शिकवलेलं.

या नियमावरूनच तिचं आणि तिच्या दिराचं वाजलं.

दीर, म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ, आमच्याकडे ड्रायव्हर होता. चांगला ड्रायव्हर. बोलायला गोड, हाताला हलका, वेळेच्या आधी पोचणारा. एकदा त्यानं फोनवर कळवलं होतं की नट आवळले. गाडी परत आली तेव्हा ताई चाकापाशी वाकली. पांढरी रेघ नव्हती.

"रेघ मारायची राहिली, वहिनी. आवळले होते."

ताईनं नटावर बोट फिरवलं. नटांवर जाताना उडालेला चिखल जसाच्या तसा वाळून बसला होता. पाना लावला असता तर तो पडला असता. "भाऊजी," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "उद्यापासून आठ दिवस तुम्ही गाडीवर बसायचं नाही."

"घरात बोलायचं ते घरात बोला की. इथे चारचौघांत?"

"इथे मी वहिनी नाही."

तेव्हापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला. एकाच घरात, एक वर एक खाली, पण बोलणं बंद. मधे सासू. "तिला म्हणावं पाण्याची मोटार बंद करा." "त्याला म्हणावं केलीय." सासू वैतागून म्हणायची, "मला पगारावर ठेवा दोघांनी मिळून."

*

त्यानंतर दीड महिन्यानं औषधं बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचे लोक आमच्या गाड्या बघायला यायचे होते. गाड्या पसंत पडल्या तर वर्षभराचं काम मिळणार होतं. मालक घायकुतीला आलेले. त्यांनी सात गाड्या निवडल्या आणि रंगाऱ्याला सांगितलं की चाकंसुद्धा चकचकीत पाहिजेत. रंगाऱ्यानं चाकं काढून घेतली आणि मनापासून काम केलं. चंदेरी रंगाचे तीन हात दिले, पुढून, मागून, आतून, बाहेरून, जिथे ब्रश पोचेल तिथे.

चाकं बसवायला आणली तेव्हा ताईनं एक चाक उलटं करून पाहिलं. जिथे लोखंड लोखंडाला भिडतं त्या पट्टीवरही जाड रंग. तिचे वडील अशी पट्टी तारेच्या ब्रशनं घासून उघडी करायचे.

"हे सगळं घासून काढावं लागेल," ती म्हणाली.

"किती वेळ?" मालकांनी विचारलं.

"दीड दिवस."

"पाहुणे उद्या सकाळी येतायत, ताई."

मी तिथेच होतो. ताई चाकाकडे बघत राहिली. एरवी ती "मग पाहुण्यांना परवा बोलवा" म्हणाली असती. पण त्या दिवशी मालकांच्या चेहऱ्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे. सहा महिन्यांपासून आठ गाड्या कामाविना उभ्या होत्या, हे तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, "बसवा. पाहुणे गेले की पुन्हा काढून घासू."

पाहुणे आले, खूश झाले, आणि इतके खूश झाले की म्हणाले, उद्या पहाटेपासूनच या सात गाड्यांनी आमचा माल उचलावा. मालकांनी संध्याकाळी ताईला घरी फोन केला. रंग घासायचा राहिलाय हे तेव्हा मनात होतं, असं तिनं मला नंतर सांगितलं. तरी ती 'बरं' म्हणाली होती. ड्रायव्हर पन्नास किलोमीटरवर आवळतील, गाड्या परत आल्या की घासून घेऊ, असं तिनं स्वतःला समजावलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सातांपैकी एक गाडी परत आली. सहा नंबर. ताडपत्री फाटली म्हणून ड्रायव्हर दुसरी न्यायला आला होता. ऐंशी किलोमीटर जाऊन आलेली गाडी. ताई चहाचा कप हातात घेऊन तिच्या बाजूनं चालली होती. मागच्या चाकापाशी ती थांबली.

मी खिडकीतून बघत होतो. तिनं कप जमिनीवर ठेवला. मग दोन बोटांनी नट धरला आणि फिरवला. पान्यानं नव्हे, बोटांनी. तो फिरला.

ती धावत आत आली. अठरा वर्षांत मी तिला धावताना पाहिलं नव्हतं.

"बाकीच्या सहा कुठे आहेत?"

मी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. आमच्या गाड्यांना यंत्र बसवलेलं होतं, नकाशावर हिरवे ठिपके दिसायचे, दर अर्ध्या मिनिटाला थोडे पुढे सरकायचे. सहा ठिपके तीन वेगवेगळ्या रस्त्यांवर.

"सहा नंबरच्या नटावर पांढरी रेघ आहे, तरी तो बोटांनी फिरतोय. रंग दबलाय," ती म्हणाली. "पट्टीवरचा रंग दाबून पातळ झाला, आणि तेवढी फट पडली. आता एकदा आवळून भागायचं नाही. पुन्हा ढिले होणार. फोन लाव. जिथे असतील तिथे थांबायचं म्हणावं. एक चाकही पुढे फिरायला नको."

आम्ही दोघं दोन फोनवर बसलो. पहिला ड्रायव्हर लगेच थांबला. दुसराही. तिसऱ्याला आधी खरंच वाटेना, ताई त्याच्यावर अशी ओरडली की मिस्त्री पिटमधून वर आले. चौथा पैलवान. त्याला सगळे पैलवान म्हणायचे कारण त्याला दारातून आडवं यावं लागायचं. तो घाटाच्या अलीकडच्या पंपावर चहा पीत उभा होता.

"पैलवान, गाडी हलवायची नाही."

"हलवत नाही, ताई."

"चाकं बघून सांगा."

तो गेला. फोन चालूच होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग बराच वेळ काहीच नाही.

"ताई," तो म्हणाला, आणि त्या अवाढव्य माणसाचा आवाज बारीक झाला होता. "मागच्या डाव्या चाकाला पाच नट आहेत."

"दहा पाहिजेत."

"पाचच आहेत, ताई. पाच कुठेतरी पडले."

पन्नास किलोमीटरवर तो थांबलाच नव्हता. थांबला असता तर चहाला उशीर झाला असता. ते त्यानं न विचारता सांगितलं.

पाचव्या गाडीचा, एकोणतीस नंबरचा, फोन लागेना. ठिपका एका कारखान्याच्या फाटकाशी उभा दिसत होता. तिथे आत जाताना फोन जमा करून घेतात. उभी आहे म्हटल्यावर आम्ही तिला बाजूला ठेवलं आणि सहाव्या ठिपक्याकडे वळलो.

सहावी गाडी दिराची होती.

*

ताईनं त्याला स्वतःच्या फोनवरून लावला. दोनदा वाजून कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. मग मी माझ्या फोनवरून लावला. तो उचलला.

"अरे, गाडी थांबव. चाकांचे नट..."

"आवळलेत. पन्नासवर थांबून आवळलेत. तिला सांग, परीक्षा घ्यायची असेल तर परत आल्यावर घ्या."

"तसं नाही, ऐक तरी..."

त्यानं फोन ठेवला होता. नंतर लावला तर बंद.

"काय म्हणाला?" ताईनं विचारलं.

"आवळलेत म्हणाला."

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होता," ती म्हणाली.

ठिपका त्याच रस्त्यावर होता जिथे पैलवान पंपावर उभा होता. पंप बावीस किलोमीटर पुढे. पंपापासून तीन किलोमीटरवर घाट उतरायला लागायचा. नऊ वळणं, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि गाडीत ड्रममध्ये भरलेला वीस टन माल. पंपापर्यंत पोचायला त्याला पंचवीस मिनिटं लागणार होती.

ताईनं घरी फोन लावला. "आई, भाऊजींना फोन लावा. त्यांचा दुसरा नंबर तुमच्याकडेच आहे. गाडी बाजूला घेऊन थांबायला सांगा. माझं नाव घेऊ नका."

"मग कुणाचं घेऊ?" सासूचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तुमचं घ्या."

तीन मिनिटांनी सासूचा फोन आला. "उचलला गं. म्हणाला, आई, गाडी चालवताना मी बोलत नाही, तसा नियम आहे. आणि ठेवला. झालंय काय?"

नियम ताईचाच होता. ताई म्हणाली, "काही नाही झालं अजून," आणि फोन खाली ठेवला.

तेवढ्यात मालक आत आले. मिस्त्रींनी त्यांना बाहेरच सगळं सांगितलेलं. मालकांनी एका ट्रकवरून सुरुवात केली होती, तो ट्रक स्वतः चालवला होता, त्यामुळे नट ढिले होणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. ते सरळ पडद्याजवळ आले.

"गाडी इथूनच बंद करा," ते म्हणाले. चोरी झाली तर इंजिन दुरून बंद करायची सोय त्या यंत्रात होती. पडद्यावर लाल चौकोन होता. दाबला की काम झालं.

"नाही," ताई म्हणाली.

"ताई, माणूस आहे त्या गाडीत. तुमच्या घरचा माणूस आहे."

"म्हणूनच नाही. चालत्या गाडीचं इंजिन गेलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं. वीस टन माल मागून ढकलतोय. आणि त्याला काय झालंय तेही कळणार नाही. तो घाबरून जोरात ब्रेक मारेल. ढिल्या चाकाला तेच नको."

"मग काय, बघत बसायचं?"

मालकांचा हात माऊसकडे गेला. ताईनं त्यावर आपला हात ठेवला. ऑइलचे डाग असलेला हात, मालकांच्या हातावर. तिला असं कधी कुणाला शिवताना पाहिलं नव्हतं मी. मालकांनी हात मागे घेतला.

तिनं पैलवानाला फोन लावला.

"पैलवान, तुमच्या मागून पंधरा-सोळा मिनिटांत आपली चौतीस नंबर येतेय. रस्त्यावर उभे राहा. लाल त्रिकोण आहे ना गाडीत? तो घ्या. पण एकदम समोर नका उभे राहू. लांबून दिसलं पाहिजे, म्हणजे तो हळूहळू थांबेल. त्याला ब्रेक दाबायला लावायचं नाही. कळलं?"

"कळलं, ताई."

"सांगा बरं मला पुन्हा."

पैलवानानं शब्द न शब्द पुन्हा सांगितला.

नंतरची ती पंधरा मिनिटं. मी आयुष्यात बरंच काही विसरलोय, पण ती नाही. ऑफिसात पंखा फिरत होता. मिस्त्री दाराशी उभे, हातातलं फडकं पिळत. मालक खुर्चीत बसले नाहीत. ताई पडद्यासमोर उभी. ठिपका अर्धं मिनिट एका जागी, मग टुणकन पुढे. पुन्हा अर्धं मिनिट. प्रत्येक वेळी तो जागचा हलला नाही की वाटायचं, आता गेलं. आणि हलला की वाटायचं, अजून हलतोय, म्हणजे अजून धोका आहे. दोन्हीकडून मरण.

"वेग कमी झालाय," मी म्हणालो. "पन्नासच्या खाली."

"का झाला?" ताईनं विचारलं. "तो कधी पन्नासच्या खाली चालवत नाही. काहीतरी ऐकू येत असणार त्याला."

ठिपका पंपावर आला. मग पंप ओलांडून पुढे गेला.

मालकांच्या तोंडून एक शिवी गेली.

पुढचं अर्धं मिनिट गेलं. ठिपका हलला नाही. आणखी अर्धं मिनिट. नाही हलला. ताईचा फोन वाजला.

"थांबला," पैलवान धापा टाकत होता. "मला बघून थांबायला लागला, पण हळूहळू घेतली, पुढे जाऊन थांबला. मी पळत आलोय. ताई, नट बसतात ते दोन स्टड नटांसकट तुटलेत. पण चाक आहे."

ताईनं फोन मालकांकडे दिला आणि खाली बसली. खुर्ची मागे नव्हती, ती जमिनीवरच बसली. मिस्त्रींनी पाण्याचा ग्लास आणला. ती म्हणाली, "आधी सामान काढा. स्टड, नट, तारेचे ब्रश, दोन्ही जॅक. आपल्याला निघायचंय."

आम्ही सामान भरत असतानाच दुसरा फोन आला. कारखान्याच्या फाटकावरून. एकोणतीस नंबर गेट ओलांडून आत वळताना तिचं मागचं चाक निखळलं होतं. गाडी जेमतेम चालत होती, पण चाक ते चाक. पहारेकऱ्याच्या पायावरून गेलं. घोट्याजवळ दोन ठिकाणी हाड मोडलं होतं.

ताईनं विचारलं, "केव्हा?"

वीस मिनिटांपूर्वी. म्हणजे ज्या गाडीला आम्ही उभी आहे म्हणून बाजूला ठेवलं होतं, ती ड्रायव्हरचा फोन जमा झाल्यावर फाटकाबाहेर नुसती आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. त्या कारखान्याच्या फाटकावर टेलिफोन होता. आम्ही तिथे लावलाच नाही. ते मला सुचायला हवं होतं. रवानगी माझ्याकडे होती.

*

दुपारी आम्ही घाटापाशी पोचलो. ताई, मिस्त्री आणि मी. दोन्ही गाड्या आता पंपाच्या मागच्या मोकळ्या जागेत शेजारी उभ्या होत्या. पैलवानानं त्या चालवून नाही, पंपावरच्या क्रेननं मागची बाजू उचलून सावकाश आणल्या होत्या. दीर गाडीच्या सावलीत दगडावर बसला होता. ताईला बघून तो उठला, पण जवळ आला नाही.

ताईही त्याच्याकडे गेली नाही. ती सरळ चौतीस नंबरच्या मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसली. मी तिच्या मागे उभा होतो.

नटांवर पांढऱ्या रेघा होत्या. जे आठ उरले होते त्या आठही नटांवर. नीट, सरळ, घाईत न मारलेल्या. फक्त नटावरची रेघ आणि चाकावरची रेघ आता समोरासमोर नव्हती, नट बोटभर मागे फिरले होते. ती पुढच्या चाकाकडे गेली. तिथेही रेघा. पलीकडच्या बाजूला गेली. सगळीकडे रेघा. त्यानं खरंच थांबून सगळे नट आवळले होते. आवळले नसते तर पंपापर्यंत तो पोचलाच नसता.

ती पुन्हा त्याच मागच्या चाकापाशी येऊन बसली. मग तिथूनच, मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आवळले होते."

"सांगितलं होतं की."

"मी विश्वास ठेवला नाही."

त्यानं पायानं एक खडा सरकवला. मग म्हणाला, "मी पण ठेवला नसता." आणि थोड्या वेळानं, "मला ठकठक ऐकू येत होती, दहा-बारा मिनिटांपासून. म्हणून हळू घेतली. पण थांबलो नाही. वाटलं, थांबलो तर तुमचंच खरं होईल."

"चूक माझी आहे. पट्टीवर रंग दिसला होता मला. तरी बसवू दिली चाकं."

अठरा वर्षांत दिरानं तिच्या तोंडून हे ऐकलं नसणार. मग तो येऊन शेजारी बसला आणि त्यानं टॉमी उचलली. "सरका. हे डावीकडचं मी काढतो."

संध्याकाळपर्यंत आम्ही पाचांनी मिळून वीस चाकं काढली, पट्ट्या घासून उघड्या केल्या, बसवली. चंदेरी भुकटी सगळ्यांच्या केसांत, भुवयांत. मिस्त्री म्हणाले, "पाहुण्यांना आता बोलवा, आता आपणही चकचकीत झालोय." कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं पैलवान हसला, आणि मग त्याला रडू फुटलं. आम्ही कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

*

औषधांच्या कारखान्याला झाल्या प्रकाराचा लेखी खुलासा द्यायचा होता. मालकांनी तो लिहून आणला. त्यात रंगाऱ्यानं निष्काळजीपणा केला असं होतं. ताईनं वाचला आणि म्हणाली, "त्याला चाकं रंगवायला सांगितलं, त्यानं रंगवली. कुठे रंगवायची नाहीत हे सांगणं माझं काम होतं." तिनं दुसरा कागद घेतला आणि स्वतः लिहिला. रंग दिसला होता, घासायला दीड दिवस लागला असता, तरी परवानगी दिली, असं सरळ. खाली सही केली. मालकांनी कागद वाचला आणि त्यावर आपलीही सही केली. कारखान्यानं वर्षभराचं काम दिलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं.

मग ती आठ दिवस घरी बसली. मालकांनी सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच ठरवलं. दिराला आठ दिवस, मग आपल्यालाही आठ दिवस. त्या आठवड्यात फाटकावर मिस्त्री उभे राहायचे आणि एकही गाडी सोडायला त्यांचा जीव धजायचा नाही. शेवटी दीरच त्यांच्याबरोबर उभा राहायला लागला. संध्याकाळी घरी जाऊन तो तिला कुठली गाडी गेली, कुठली अडवली ते सांगायचा. आपली नोकरी गेली, असं सासू सगळ्यांना सांगत सुटली.

पहारेकऱ्याकडे ताई पहिल्यांदा गेली तेव्हा त्याच्या बायकोनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी बरोबर होतो. बायकोनं दार उघडलं, पण बस म्हटलं नाही. पहारेकरी खाटेवर, पाय उशीवर, प्लास्टर मांडीपर्यंत. त्याच्या दवाखान्याचं मालकांनी पाहिलं होतं, पण तो विषय कुणी काढला नाही. तो ताईला म्हणाला, "मला एवढंच समजून घ्यायचंय की चाक निघालं कसं. इथे सगळे आपापलं सांगतात."

ताईनं त्याला सगळं सांगितलं. पट्टी, रंग, फट, नट. त्याच्या उशाजवळची दोन पुस्तकं घेतली, मधे घडी घातलेलं फडकं ठेवलं, हातानं घट्ट दाबून दाखवलं, मग फडकं दबल्यावर पुस्तकं कशी सैल पडतात ते दाखवलं. तो लक्ष देऊन बघत होता. बायको दाराशी उभी राहून बघत होती.

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?" बायकोनं विचारलं.

"हो," ताई म्हणाली.

बाहेर कुणाच्या तरी घरात भांडी पडल्याचा आवाज आला. मग बायको आत गेली. आम्हाला वाटलं, आता जा म्हणून सांगणार. ती दोन खुर्च्या घेऊन आली.